ध्यान कुठं आहे तुझं?

आपल्या घरांत हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येते. दूध उतू गेले की सुनेला, गणित चुकले की पोराला, हातोडी बोटावर बसली की मिस्त्रीच्या हाताखालच्या माणसाला. ते रागानेच म्हटले जाते आणि त्यात एक गोष्ट धरूनच चाललेली असते, की ध्यान नसणे हा त्या माणसाचाच दोष आहे. आळशी आहे, बेफिकीर आहे, डोक्यात भुसा भरलाय. आपल्या मुलांना हे शब्द शाळेतही जरा जास्तच ऐकावे लागले आहेत.

नांदेड-लातूरच्या वस्त्यांत आज घरोघरी कोणीतरी परीक्षेला बसलेले आहे. दहावी, बारावी, नीट, पोलीस भरती, तलाठी. 'अभ्यासात लक्ष लागत नाही' ही तक्रार आरोग्य पानाकडे ताप-खोकल्याइतकीच येते. आणि ती मुलांपुरती नाही. कामावर चुका होतात, औषध घेतले की नाही आठवत नाही, बोलता बोलता विषय निसटतो, असे सांगणारे मोठे माणूसही कमी नाहीत. तेव्हा लक्ष म्हणजे काय आणि ते तुटते कशाने, हे या वेळी जरा सविस्तर पाहू.

तव्यावर एकच भाकरी

मेंदू पुष्कळ गोष्टी साठवतो. पण एका वेळी 'हाताशी' धरून ठेवण्याची त्याची जागा फार लहान असते, साधारण चार गोष्टी मावतील एवढीच. हिशेब करताना मनात ठेवलेला हातचा, वाक्य संपेपर्यंत लक्षात ठेवलेले त्याचे पहिले शब्द, हे सगळे या छोट्या जागेत असते. मध्येच कोणी हाक मारली की तिथे नवी गोष्ट येते आणि जुनी बाहेर पडते. म्हणून हातचा विसरतो. बुद्धी कमी असल्याने नव्हे.

'मी एका वेळी दोन कामे करते' असे आपण अभिमानाने म्हणतो. ज्यात डोके लागत नाही अशी कामे जोडीने होतात. लसूण सोलता सोलता गप्पा मारता येतात. पण दोन्ही कामांना विचार लागत असेल तर मेंदू ती एकत्र करत नाही, तो एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. तव्यावर एकच भाकरी मावते, दुसरी टाकायची तर पहिली काढावीच लागते. प्रत्येक उडीत थोडा वेळ जातो आणि आधीच्या कामाचा थोडा अंश मनात रेंगाळत राहतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क यांनी कचेरीत काम करणाऱ्या माणसांच्या शेजारी बसून घड्याळ लावून नोंदी घेतल्या. मध्येच तुटलेल्या कामाकडे परत यायला माणसाला सरासरी वीस मिनिटांहून अधिक वेळ लागत होता, कारण मधल्या काळात तो आणखी एक-दोन कामांत गुंतत असे. २००८ च्या त्यांच्या प्रयोगात एक वेगळी गोष्ट दिसली. सतत व्यत्यय येणारी माणसे काम रेंगाळत ठेवत नाहीत, उलट घाईघाईने उरकतात, पण त्यांचा ताण आणि चिडचिड वाढते. घरातल्या बाईची संध्याकाळ आठवून पाहा. स्वयंपाक, पोराचा अभ्यास, दारावर आलेले माणूस, सासऱ्यांची गोळी, सगळे होते. आठ वाजता ती का ओरडते, याचे उत्तर तिच्या स्वभावात शोधू नका.

चूक कुठे जिवावर बेतते

सगळ्याच चुका वहीत होत नाहीत. सिडनीतील रुग्णालयांत परिचारिका औषधे देत असताना त्यांना किती वेळा अडवले जाते, याची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. प्रत्येक व्यत्ययागणिक चुकांचे प्रमाण सुमारे बारा टक्क्यांनी वाढत होते. आपल्या समाजातील कितीतरी मुली सिस्टर आहेत, आशाताई आहेत, अंगणवाडीत आहेत. त्यांना हे नवे नाही. पण घरीही औषध देणारे आपणच असतो. बाळाचे सिरप मापताना, आजीचे इन्सुलिन भरताना, टीबीच्या गोळ्या मोजताना त्या दोन मिनिटांत कोणीही काही विचारायचे नाही, एवढा नियम घरात करून ठेवावा. फोन वाजला तर वाजू द्यावा.

सोयाबीनच्या सुगीत आपल्या भागात मळणी यंत्रे रात्री उशिरापर्यंत चालतात. दिवसभर वाकून थकलेले शरीर, इंजिनाचा आवाज, डोळ्यांत जाणारा भुसा, आणि हात मात्र यंत्राच्या तोंडापाशी. तिथे एका क्षणाचे दुर्लक्ष म्हणजे बोटे किंवा हात. अशा कामाला 'सावध राहा' एवढे सांगून भागत नाही, कारण थकलेला मेंदू सावध राहूच शकत नाही. घास टाकणारा माणूस तासा-दीड तासाने बदलणे, पदर-रुमाल-सैल बाही बांधून घेणे आणि यंत्र चालू असताना त्या माणसाशी कोणी न बोलणे, हे मुकादमाकडून आणि मालकाकडून मागून घ्यावे. ती मेहरबानी नव्हे.

रिक्षा आणि मोटारसायकल चालवणाऱ्यांसाठी एक हिशेब. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर धावते. मेसेज पाहायला पाच सेकंद नजर खाली गेली, तर गाडी पंचावन्न मीटर तशीच गेली. तेवढ्यात शाळेचे फाटक येऊन जाते. कानात हेडफोन घालून बोलले तर हात मोकळे राहतात, डोके नाही.

मोबाईलबद्दल थोडेसे

मोबाईलवर एवढे लिहिले गेले आहे की जास्त लिहीत नाही. रील बनवणाऱ्या कंपन्यांचा धंदाच आपले लक्ष धरून ठेवण्यावर चालतो. पुढच्या खेपेला काहीतरी मजेदार दिसेल या आशेने अंगठा सरकत राहतो. पंधरा वर्षांच्या मुलाने आपल्या मनाच्या बळावर त्याला हरवावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. टेक्सास विद्यापीठातील एका प्रयोगात, जो २०१७ साली प्रसिद्ध झाला, काहींचा फोन समोर टेबलावर ठेवला, काहींचा पिशवीत, काहींचा दुसऱ्या खोलीत. ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता त्यांनी कोडी सर्वांत चांगली सोडवली. नंतर अशा काही प्रयोगांत एवढा फरक आला नाही, पण फोन लांब ठेवायला पैसे लागत नाहीत. दुसरी खोली नसेल तर शेजारच्या काकूंकडे ठेवावा, पिठाच्या डब्यावर ठेवावा.

अडचण अशी की क्लासची व्हिडिओ आणि सराव परीक्षा त्याच फोनवर येतात, आणि बहुतेक घरांत स्मार्टफोन एकच. तेव्हा 'फोन बंद' हा हुकूम चालत नाही. आधी व्हिडिओ पाहायचा, मुद्दे वहीत उतरवायचे, मग फोन आईच्या हातात देऊन वहीवरून अभ्यास करायचा. व्हॉट्सॲपची घंटी मात्र कायमची बंद करता येते. समाजाच्या ग्रुपवरही सकाळच्या शुभेच्छांचे दोनशे संदेश आले नाहीत तरी चळवळ थांबणार नाही.

आवाजाचा प्रश्न

पत्र्याच्या एका खोलीत सहा माणसे, बाहेर रस्ता, शेजारी टीव्ही, समोर टेलरिंगचे दुकान. पोर म्हणते, इथे अभ्यास होत नाही. बाप म्हणतो, ज्याला करायचा तो कुठेही करतो. या भांडणात शास्त्र पोराच्या बाजूला आहे.

न्यूयॉर्कमधल्या एका शाळेच्या अगदी बाजूने उंच पुलावरून रेल्वे जात असे, शाळा चालू असताना दर चार-पाच मिनिटांना एक. बाजूच्या वर्गात शिक्षकांना बोलणे थांबवावे लागे. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी त्याच शाळेतल्या दोन्ही बाजूंच्या मुलांचे वाचन तपासले. शाळा एक, गल्ली एक, घरची परिस्थितीही सारखी. तरीही रेल्वेच्या बाजूच्या वर्गांतली मुले वरच्या इयत्तांत वाचनात सुमारे वर्षभर मागे होती. हे १९७५ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर रुळांखाली रबराचे तुकडे बसवले गेले, वर्गाच्या छताला आवाज शोषणारे आवरण लावले गेले. १९८१ सालच्या पुढच्या अहवालात दोन्ही बाजूंची मुले बरोबरीला आली होती. मुले तितकीच हुशार होती, बदलला तो फक्त आवाज.

जर्मनीतील म्युनिक शहराचा विमानतळ १९९२ साली बंद होऊन दुसरीकडे गेला, तेव्हाही हेच दिसले. जुन्या जागेजवळच्या मुलांचे वाचन आणि स्मरण सुधारले, नव्या जागेजवळच्या मुलांचे ढासळले. मुलांना आवाजाची 'सवय होते' म्हणतात. सवय होते ती अशी की मूल आवाज ऐकणे सोडून देते, आणि त्याबरोबर बोललेले शब्द नीट ऐकणेही सोडून देते.

आता आपल्याच घरातली गोष्ट बोलू. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देऊ शकते. इतरांच्या मिरवणुकीचा आवाज आपल्याला नेमका ऐकू येतो. पण जयंती १४ एप्रिलला सुरू होते आणि वस्त्या-वस्त्यांतून मे महिन्यापर्यंत चालते, आणि नीटची परीक्षा मेच्या सुरुवातीलाच असते. छातीत धडकणाऱ्या डीजेच्या भिंतीमागच्या खोलीत बाबासाहेबांचे नाव काढू पाहणारी एक मुलगी कानात कापूस घालून बसलेली असते. जयंती वाजतगाजत झालीच पाहिजे, तो आपला मान आहे. डीजेऐवजी भीमगीतांचे गायक, हलगी, लेझीम, आणि दहाला बंद, एवढे ठरवणे जयंती मंडळाच्या एका बैठकीचे काम आहे. माझ्या मते हा आरोग्याचाच विषय आहे, म्हणून या पानावर लिहिला.

एका खोलीतला अभ्यास

बाबासाहेबांच्या चरित्रांत परळच्या चाळीतल्या खोलीचे वर्णन येते. एकच खोली, त्यातच चूल, धूर, भांडी, जळण, माणसे. सुभेदार रामजींनी मुलाला 'ध्यान दे' म्हणून बडवत बसण्यापेक्षा वेळच बदलून टाकली. ते भीमरावाला लवकर झोपवत, स्वतः जागे राहत, आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवून मग आपण आडवे होत. चाळ झोपलेली असताना मुलगा दिव्याच्या उजेडात अभ्यास करी. १९०७ साली ते मॅट्रिक झाले.

या गोष्टीतून आपण जिद्द तेवढी उचलतो. त्यातली व्यवस्था पाहा. जागा बदलता येत नव्हती म्हणून बापाने शांततेची वेळ शोधली, आणि त्यासाठी आपली झोप वाटून घेतली. मुलाची झोप मारली नाही, ती अलीकडे सरकवली. आज उलटे होते. घर अकरापर्यंत टीव्हीपुढे जागते, पोर त्यानंतर पुस्तक उघडते, आणि सकाळी सहाच्या क्लासला उठते. चार-पाच तासांच्या झोपेवर लक्ष टिकत नाही, आणि दिवसा वाचलेले पक्के होण्याचे कामही झोपेतच होते. नवव्या-दहाव्या वर्गाच्या मुलाला आठ तासांच्या आसपास झोप लागतेच. तेव्हा रात्री साडेनऊला घरातला दिवा आणि टीव्ही बंद करण्याची जबाबदारी मोठ्यांची.

जयंतीला अनेक विहारांत आणि महाविद्यालयांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. अभिवादन म्हणून तो सुंदर आहे, शंभर मुले एका छताखाली वाचत बसलेली पाहून ऊर भरून येतो. पण तो रोजचा अभ्यासक्रम समजू नये. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर नजर ठेवणारे जवान ठिपके का चुकवतात, याचा शोध इंग्लंडमध्ये नॉर्मन मॅकवर्थ यांनी घेतला. एकसुरी कामावर पहिल्या अर्ध्या तासातच नजर ढिली पडते, असे दिसले. म्हणून पस्तीस-चाळीस मिनिटे बसावे, पाच मिनिटे उठावे, पाणी प्यावे, गल्लीत फेरी मारावी. त्या पाच मिनिटांत रील पाहिली तर विश्रांती होत नाही. नीटला २०२५ पासून १८० प्रश्नांना १८० मिनिटे आहेत, प्रश्नाला एक मिनिट. सलग तीन तास बसण्याचा सराव परीक्षेआधीच्या महिन्यात आठवड्यातून एक-दोनदा, घड्याळ लावून करावा.

लातूरच्या क्लासच्या गल्ल्यांत पैसे भरून वातानुकूलित अभ्यासिका मिळतात. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी वस्तीतले विहार संध्याकाळी कुलूपबंद का असावे? एक ट्यूबलाईट, चार सतरंज्या, पिण्याच्या पाण्याचा माठ आणि आळीपाळीने बसणारे एक मोठे माणूस, एवढ्यावर अभ्यासिका चालते. काही वस्त्यांत ती चालतेही. मुलींसाठी जाण्यायेण्याची सोबत ठरवली तर त्याही येतात. हे विसरले की अभ्यासिका फक्त मुलांची होते.

डोक्यातला हप्ता

आवाज नाही, फोन नाही, तरीही लक्ष लागत नाही. कारण मनात काहीतरी चालू असते. पावसाने ओढ दिली आहे, मंगळवारी फायनान्सवाला येणार, बाराशे कमी पडतात, कोणाकडे मागायचे. हात धुणे धुतात आणि डोके हिशेब करते.

तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर आनंदी मणी, सेंधिल मुलैनाथन आदी संशोधकांनी केलेला अभ्यास २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्याच शेतकऱ्यांना ऊस जाण्याआधी, हातात पैसा नसताना, आणि पैसा आल्यानंतर, अशी दोनदा आकृत्यांची कोडी घातली. पैसा नसताना त्याच माणसांचे उत्तर कच्चे आले. माणूस तोच, मेंदूही तोच. चणचणीने मनाची ती छोटी जागा आधीच भरून टाकली होती. गरिबाला अक्कल नसते असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. अक्कल असते, ती हप्त्यात अडकलेली असते.

लातूरकरांना हे वेगळे समजावायची गरज नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात शहरातली कितीतरी माणसे एक कान टँकरच्या भोंग्याकडे ठेवूनच काम करत होती, मुले रांगेत घागर ठेवून पुस्तक वाचत होती. पाण्याची वेळ नक्की नसणे हासुद्धा लक्ष तोडणारा व्यत्यय आहे, आणि तो बहुतेक बायकांच्या आणि मुलींच्या वाट्याला येतो. नळ कोणत्या दिवशी, किती वाजता येणार, हे नगरसेवकाकडून लेखी मागून घेणे ही त्या मुलींच्या अभ्यासाची सोय आहे.

चिंता बोलून जात नाही, पण तिला जागा ठरवून देता येते. महिन्याची देणी, तारखा, कोणाकडून काय येणे, हे एका वहीत लिहून ती भिंतीला टांगावी. जे कागदावर आहे ते मनात धरून ठेवावे लागत नाही. गोळ्यांच्या वेळा, शाळेची फी, गॅसचे बुकिंग, सगळे त्याच वहीत. हप्त्याचे बोलणे नवरा-बायकोने आठवड्यातून एक दिवस बसून करावे, रोज जेवताना पोरांसमोर नको. आठ वर्षांचे मूलही ते ऐकते आणि वर्गात घेऊन जाते.

मन भटकणार, हे धरूनच चालावे. अष्टांग मार्गातली सम्यक स्मृती इथे रोजच्या कामाला येते. आनापानात श्वास येतो-जातो तो नुसता पाहायचा. मन सुटते. सुटले हे ध्यानात आले की परत श्वासावर यायचे. शंभर वेळा सुटले तर शंभर वेळा यायचे. हे परत येणे हाच सराव आहे, मन न सुटणे नव्हे. मुलांसाठी अभ्यासाआधी पाच-दहा मिनिटे पुरेत. ज्यांना मोठा मानसिक आजार आहे किंवा त्यावर औषधे चालू आहेत, त्यांनी दहा दिवसांच्या शिबिराला जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे, आणि औषध परस्पर बंद करू नये.

तपासणी कधी करावी

मूल फळ्यावरचे चुकीचे उतरवते, टीव्हीजवळ जाऊन बसते, तर आधी डोळे तपासा. हाक मारल्यावर वळून पाहत नाही, कान फुटतो, तर कान. पापणी आतून फिकी, दम लागतो, माती-खडू खावेसे वाटतात, तर रक्तातले लोह कमी असू शकते आणि त्याने लक्ष कमी होतेच. वाढत्या मुलींत हे फार आहे. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते त्या दिवशी मूल घरी ठेवू नये.

सात-आठ वर्षांचे मूल घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, सहा महिन्यांहून अधिक काळ एका जागी टिकत नाही, वस्तू हरवते, अर्धवट सोडते, मध्येच उठते, तर तो लक्षाशी संबंधित आजार असू शकतो. तो मारून जात नाही, उपचाराने आटोक्यात येतो. मोठ्या माणसाचे लक्ष अलीकडेच उडाले असेल आणि सोबत झोप उडणे, भूक जाणे, सतत रडू किंवा धडधड असेल, तर नैराश्य किंवा चिंतेचा आजार तपासावा. थायरॉइड आणि साखरही तपासून घ्यावी. म्हातारा माणूस एक-दोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखा वागू लागला तर मात्र थांबू नये, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय, या दोन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे. जाताना मुलाच्या वह्या आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. तिथवर जाणे शक्य नसेल तर शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते.